शेजारणीला पावरची गोळी, मग मला नुसती पॅरासिटामॉल का?

पत्र ऐरोलीहून आलंय. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी ५४ वर्षांची आहे, घरीच ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. उजव्या हाताला वर्षभर मुंग्या, रात्री झोपेतून उठून हात झटकत बसायचे. परवा कार्पल टनेलचं (मनगटात दबलेली नस मोकळी करायचं) ऑपरेशन झालं, हात तेवढाच बधिर करून, अर्ध्या तासात बाहेर. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० चार वेळा, आयब्युप्रोफेन ४०० जेवणानंतर तीन वेळा आणि सकाळी पित्ताची गोळी, तीन दिवस, बस एवढंच दिलं. पहिल्या रात्री मरणाचं ठणकलं हो. शेजारच्या वहिनींच्या मनगटात गेल्या वर्षी प्लेट टाकली तेव्हा त्यांना ट्रॅमाडोल दिली होती, त्या म्हणतात तुझ्या डॉक्टरने हलक्यात घेतलं. मिस्टरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची ट्रॅमाडोल-पॅरासिटामॉलची अर्धी पट्टी घरात पडलीय, दोन दिवस घेऊ का? नवरात्राच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत. कात्री कधी धरू तेपण सांगा. बाकी मला आजार असा काही नाही, बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू आहे आणि झोप लागत नाही म्हणून रात्री एक बारीक अल्प्राझोलम घेते, तेवढंच."

ताई, तुम्हाला त्याच संध्याकाळी मेसेज केला होता की ती पट्टी घेऊ नका, आणि तुमचं "नाही घेतली, ठेवून दिली" असं उत्तर आल्यावर मी जरा निवांत झाले. आता इथे सविस्तर लिहितेय कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जणी तरी विचारतात, फक्त कुणाचा अंगठा असतो, कुणाचं ट्रिगर फिंगर (वाकवलेलं बोट अडकून बसतं ते), कुणाच्या मनगटावरची गाठ. मी डॉक्टर नाहीये हे दर वेळी सांगते तसं आत्ताही सांगते, बी.फार्म करून ठाण्यात नौपाड्यात २९ वर्षं मेडिकल चालवलं, त्यामुळे चिठ्ठी बदलायचा अधिकार मला नाही, पण चिठ्ठीत काय लिहिलंय आणि का लिहिलंय हे मात्र चांगलं सांगता येतं.

सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते. "तेवढंच" म्हणून जी अल्प्राझोलम तुम्ही सहज लिहून गेलात ना, सगळ्या पत्रात माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. ट्रॅमाडोल ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या घराण्यातली (बोंडातून काढत नाहीत, कारखान्यात बनते, पण मेंदूत जाऊन बसते त्याच खुर्चीवर), आणि अल्प्राझोलम ही झोपेची-घबराटीची गोळी. दोघी वेगवेगळ्या वाटेने जाऊन एकच काम करतात, मेंदूला सुस्त करतात, आणि त्या सुस्तीत श्वास घ्यायची आठवण करून देणारा भागही येतो. एकत्र घेतल्या तर गुंगी, तोल जाणं, आणि वाईटात वाईट म्हणजे झोपेत श्वास मंदावत जाणं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१६ साली या दोन्ही जातीच्या औषधांवर सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग छापायला लावली ती याचसाठी. आता तुम्ही म्हणाल दोन गोळ्यांनी काय होतंय, आणि खरंय, बऱ्याच जणांना काही होतही नाही, पण ज्यांना होतं ते रात्री दोन वाजता होतं, घरातले सगळे झोपलेले असताना, आणि तुम्ही तर रात्रीच्या ठणक्यासाठीच घेणार होतात.

म्हणून आता अल्प्राझोलम फटकन बंद करू नका हं! रोज घेणाऱ्या माणसाने ती एकदम सोडली की झोप तर जातेच, वर धडधड, थरथर, क्वचित फिट येण्यापर्यंत जातं. ती कमी करायची तर ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांच्याशी बोलून हळूहळू. तुमच्या सध्याच्या दोन पेनकिलरशी तिचं भांडण नाहीये. पण मला एक सांगा, ऑपरेशनच्या आधी "कुठली औषधं चालू आहेत" विचारलं तेव्हा हिचं नाव घेतलंत का? नसेल घेतलं तर आजच फोन करून सांगा. आपल्याकडे झोपेच्या गोळीला कुणी औषध धरतच नाही, ती घरातल्या बाम-चूर्णाच्या रांगेत बसते.

आता मुद्द्यावर येऊ, डॉक्टरांनी हलक्यात घेतलं का.

माझ्या काउंटरवर "जरा पावरची द्या" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजायला लागले तर नवरात्र संपेल. पावरची म्हणजे जिच्याने झापड येते ती, असा लोकांचा हिशोब. पण झापड वेगळी आणि दुखणं थांबणं वेगळं. तुमच्या तळहातावर जी चीर दिलीय तिथे आत्ता सूज आहे, आणि ती सूज प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतेय जी तिथल्या नसांना चिथावत बसतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या सगळ्या जाऊन ती रसायनं बनणंच कमी करतात, म्हणजे जिथे भांडण चाललंय तिथेच जाऊन. पॅरासिटामॉल बरंचसं मेंदू-मणक्याच्या बाजूने काम करते, म्हणून दोघींची जोडी जमते, एकीचं काम दुसरी पुसत नाही. आणि ओपिऑइड काय करते, तर चिरेकडे ढुंकूनही बघत नाही, निरोप मेंदूत पोचतो तिथे त्याची धार बोथट करते. सोसायटीतल्या गरब्याचा स्पीकर डोक्यात जायला लागला तर एक उपाय म्हणजे खाली जाऊन आवाज कमी करून घेणं आणि दुसरा म्हणजे आपण कानात कापूस कोंबून बसणं. कापूस कधीकधी लागतो, नाही असं नाही, पण मग दारावरची बेलही ऐकू येत नाही.

आणि हे माझं नुसतं काउंटरचं ज्ञान नाही. पेनकिलर मोजायची एक सोपी पद्धत संशोधकांनी ठरवलीय, की ही गोळी किती जणांना द्यावी म्हणजे त्यातल्या एकाला असा निम्म्याहून जास्त आराम पडेल जो खोट्या गोळीने पडला नसता. आकडा जितका लहान तितकी गोळी चांगली. ऑपरेशननंतरच्या दुखण्यात आयब्युप्रोफेन ४०० चा आकडा साधारण अडीच येतो, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल जोडीने दिली तर दीडच्या आसपास, आणि कोडीन, जी ट्रॅमाडोलसारखीच ओपिऑइड, ती एकटी ६० मिलिग्रॅम दिली तर बारा. बारा जणांना द्या तेव्हा एकाला फरक! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाच वाटलं आकडे उलटे छापलेत.

न्यूयॉर्कमधल्या दोन इमर्जन्सी वॉर्डांत हाता-पायाच्या अचानक दुखण्याच्या चारशेवर पेशंटवर एक प्रयोग झाला, २०१७ साली छापून आला. त्यात मुरगळलेले होते तसे हाड मोडलेलेही होते. एका गटाला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, बाकी तीन गटांना वेगवेगळ्या ओपिऑइड-पॅरासिटामॉलच्या जोड्या, आणि कुणाला काय मिळालंय ते सांगितलं नव्हतं. दोन तासांनी सगळ्यांचं दुखणं विचारलं तर चारही गटांत म्हणण्यासारखा फरकच नाही. हाताच्या छोट्या ऑपरेशनांवर, म्हणजे तुमच्यासारखं कार्पल टनेल वगैरे, तिकडे असेच वेगळे प्रयोग झालेत आणि तिथेही निकाल याच बाजूला गेलाय. तुमच्या डॉक्टरांनी जे लिहून दिलं ते म्हणजे आज या ऑपरेशनला जगभर जे पहिल्यांदा द्यावं म्हणतात तेच. स्वस्त आहे म्हणून हलकं वाटतं, दुसरं काही नाही.

मग पहिल्या रात्री मरणाचं का ठणकलं? हे मला पत्रातून कळत नव्हतं म्हणून मी तुम्हाला वेळा विचारल्या, आणि तुमच्या उत्तरात सगळं सापडलं. ऑपरेशन सकाळी ११ ला. एक वाजता घरी. हात तेव्हा लाकडासारखा, म्हणून तुम्ही वरण-भात खाऊन झोपलात. संध्याकाळी उठून देवापाशी दिवा लावला, जाणाऱ्या-येणाऱ्यांना हात दाखवला (खाली सोडून!), आणि रात्री साडेआठला ठणका सुरू झाला तरी "उगाच गोळ्या कशाला, बघू सहन होतंय का" करत साडेनऊला पहिली पॅरासिटामॉल घेतलीत. एकटी. आयब्युप्रोफेन जेवणानंतर असं लिहिलंय आणि जेवण गेलं नाही म्हणून ती घेतलीच नाही.

अहो ताई, म्हणजे औषध हरलं नाही, औषध मैदानात उतरलंच नव्हतं.

भुलेचं इंजेक्शन किती वेळ टिकतं ते कुठलं दिलं त्यावर आहे, कुणाला दोन-तीन तास, कुणाला संध्याकाळपर्यंत. पण ते उतरणार हे नक्की, आणि उतरताना एकदम उतरतं. म्हणून पहिली गोळी बधिरपणा असतानाच पोटात गेलेली असायला हवी, दुखायला लागल्यावर नाही, कारण गोळी विरघळून रक्तात पोचून काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास तरी घेते आणि तोवर ठणका घरात शिरून पाय पसरून बसलेला असतो. पहिले दोन दिवस घड्याळाने घ्यायच्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण यांच्या मागे, आणि जेवण जात नसेल तर अर्धी पोळी, केळं, दूध-बिस्किट काहीही, पण रिकाम्या पोटी नाही. पित्ताची गोळी उलट, सकाळी उठल्यावर, खायच्या अर्धा तास आधी. रात्री बाराचा गजर लावा, मिस्टरांना लावायला सांगा, त्यांच्या गुडघ्याच्या वेळी तुम्ही जागलाच असाल की. तिसऱ्या दिवसापासून हिशोब सैल होतो, चिठ्ठीतले दिवस संपले की आयब्युप्रोफेन आपल्या मनाने पुढे ओढायची नाही, पॅरासिटामॉल लागलीच तर चालेल का ते डॉक्टरांना विचारायचं.

आता जरा हिशोब करू, कारण मिस्टरांची पट्टी घेतली असती तर अल्प्राझोलमखेरीज अजून एक घोळ झाला असता. पट्टी उलटी करून मागे बघा, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ट्रॅमाडोल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे तिच्यातही पॅरासिटामॉल आहे. तुमच्या दिवसाच्या चार ६५० च्या झाल्या २६००. त्यात या दोन, म्हणजे ६५०, झाले ३२५०. आणि ऑक्टोबरची सर्दी झाली म्हणून कुणी सर्दीच्या दोन गोळ्या दिल्या, त्यांत बहुतेक ५००-५०० असतं, झाले ४२५०. मोठ्या निरोगी माणसाची दिवसाची हद्द ४००० धरतात, बरेच डॉक्टर ३००० च्या वर जाऊच देत नाहीत, आणि हद्द ओलांडली की ते लिव्हरला झेपत नाही. आणि यातलं काहीच तुम्हाला जास्त घेतलं असं वाटलं नसतं, कारण तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग. तसंच वहिनींनी प्रेमाने आणून दिलेली कॉम्बिफ्लॅमही नको, तिच्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत, म्हणजे जे चालू आहे तेच परत.

बीपीचं थोडं बोलायला हवं. टेल्मिसार्टन आणि आयब्युप्रोफेन जातीची गोळी यांचं फार सख्य नाही. एक किडनीतल्या रक्ताच्या दाबाशी एका बाजूने खेळते, दुसरी दुसऱ्या बाजूने. तीन दिवसांसाठी, किडनी चांगली असलेल्या माणसाला, पाणी व्यवस्थित पीत असेल तर डॉक्टर ही जोडी देतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण तुमची पट्टी काढून नीट बघा, नुसतं टेल्मिसार्टन आहे की पुढे ‘एच’ असं काही लिहून हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन जोडलेलं आहे. ती लघवी वाटे पाणी काढायची गोळी. तिघी एकत्र आल्या की किडनीवर एकदम ताण येतो. तसं असेल तर, किंवा गेल्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल, पूर्वी कधी अल्सर झाला असेल, शौचाला काळी झाली असेल, दमा पेनकिलरने उसळत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आयब्युप्रोफेन पुढची घेण्याआधी डॉक्टरांना फोन. खरं तर बिनओपिऑइड म्हणजे बिनधोक असं समजायचं कारणच नाही. काउंटरवर रोज डायक्लोफिनॅकची पट्टी शेंगदाण्यासारखी नेणारे गुडघेवाले आजोबा मी पाहिलेत आणि त्यांतल्या काहींची पुढे डायलिसिसची चौकशी करायला येणारी मुलंही पाहिलीत.

गोळीइतकंच काम हात वर ठेवण्याने होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी करत नाही. ठणका म्हणजे सूज आणि नाडी यांचं संगनमत, हात खाली लोंबला की रक्त उतरतं, सूज वाढते, प्रत्येक ठोक्याला घण बसतो. हात छातीच्या वर, बसताना सोफ्याच्या पाठीवर, झोपताना दोन उशांवर, बोटं छताकडे. आणि बोटं हलवत राहायची, मूठ उघडायची-मिटायची, दर तासाला दहा वेळा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. ड्रेसिंगसाठी ट्रान्स हार्बरने ठाण्याला येताय म्हणालात, तर गर्दीच्या वेळी नको, आणि आलात तर तो हात छातीशी धरून, वरची कडी डाव्या हाताने. हाताला पांढरं बँडेज दिसलं की लोक जागा देतात, मागायला लाजू नका.

आता माझीच गंमत सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याचं ट्रिगर फिंगर झालं, आयुष्यभर पट्ट्या कात्रीने कापल्याचं बक्षीस. ऑपरेशन पंधरा मिनिटांचं. घरी आल्यावर मी, फार्मसीवाली बाई, कपाटातली ट्रॅमाडोल स्वतःच्या मनाने घेतली, कारण मला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं. दुकानात मी जाण्याआधी रिक्षातच, तीन हात नाक्याच्या सिग्नलला, अशी उमळून आली की रिक्षावाल्याने स्वतःची पाण्याची बाटली दिली. डोकं गरगरत होतं, अंगाला घाम, आणि अंगठा? अंगठा दुखतच होता, फक्त मला त्याची पर्वा वाटत नव्हती. पुढचे तीन दिवस पोट साफ नाही. ट्रॅमाडोलची ही खोड आहे, लिव्हरमध्ये तिचं खरं औषध तयार होतं आणि ते कुणाच्या शरीरात भसाभस होतं, कुणाच्या जवळजवळ होतच नाही, जन्मतःच तसं. म्हणजे तीच गोळी वहिनींना मानवली, मिस्टरांना मानवली, मला नाही, तुमचं काय होईल ते घेतल्यावरच कळणार. फिट येणाऱ्यांना, डिप्रेशनची एस्सिटालोप्रामसारखी गोळी चालू असणाऱ्यांना तर तिच्यापासून लांबच ठेवतात.

वहिनींच्या डॉक्टरांनी मात्र काही चूक केली नाही हं, तेही लिहायला हवं. हाड मोडून प्लेट-स्क्रू बसवणं आणि तळहातातला एक पट्टा सोडवणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. हाडाच्या कामात पहिले दोन-चार दिवस वरच्या गोळ्यांना ट्रॅमाडोलची जोड लागू शकते. ज्यांना किडनीमुळे किंवा अल्सरमुळे आयब्युप्रोफेन चालतच नाही त्यांनाही कधी तीच द्यावी लागते. आणि खारघरच्या ॲक्ट्रेकला किंवा परळच्या टाटाला जे कॅन्सरचे पेशंट जातात त्यांच्यासाठी मॉर्फिन म्हणजे चैन नव्हे, हक्क आहे, ते त्यांना सहज मिळावं म्हणून तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात २०१४ साली दुरुस्ती केली. तिथे "सवय लागेल" म्हणून नातेवाईकच गोळी लपवून ठेवतात, तेव्हा मला फार राग येतो. म्हणजे गोष्ट चांगल्या-वाईट गोळीची नाहीच, कुठल्या दुखण्याला कुठली, आणि किती दिवस.

किती दिवस हाच तर अमेरिकेचा घोळ झाला. तिकडे २०१२ साली एक पाहणी छापून आली, हाता-खांद्याची छोटी ऑपरेशनं करून त्याच दिवशी घरी गेलेल्या २५० लोकांची. बहुतेकांना ३० ओपिऑइड गोळ्या लिहून दिल्या होत्या, लागल्या सरासरी १०. उरलेल्या सगळ्या कुठे गेल्या? कपाटात. आणि कपाटातून पुढे कुणाच्या तरी पोटात, मुलाच्या, पाहुण्याच्या, शेजारणीच्या. २०१७ च्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ऑपरेशनआधी कधी ओपिऑइड न घेतलेल्यांपैकी जवळपास ६ टक्के लोक तीन महिन्यांनंतरही ती घेतच होते, आणि ऑपरेशन लहान की मोठं याने फारसा फरक पडला नव्हता. दोन-चार दिवसांत कुणी व्यसनी होत नाही, तुम्हाला घाबरवायचं नाहीये मला. पण ज्या दुखण्याला तिची गरजच नव्हती तिथे तो ६ टक्क्यांचा जुगार तरी का खेळायचा?

आपल्याकडेही सगळं आलबेल होतं असं नाही. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनच्या (तीही ओपिऑइडच) कॅप्सूल आठवतायत का कुणाला, २०१३ मध्ये सरकारने थांबवल्या त्या? त्या घ्यायला माझ्याकडे पोटदुखीवाले कमी आणि डोळे लाल झालेली पोरं जास्त यायची. मग २०१४ पासून शेड्यूल एच१, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची जास्त कडक यादी, आलं, लाल चौकटीतली सूचना आली, ट्रॅमाडोल दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती गोळ्या, सगळं लिहा आणि तीन वर्षं जपून ठेवा. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडोल एनडीपीएसखाली गेली. तेव्हापासून "ताई, ओळखीचा आहे मी, चिठ्ठी उद्या आणतो" म्हणणाऱ्यांना मी रजिस्टर उघडून दाखवायचे, यात तुमचं नाव काय लिहू सांगा. बहुतेक जण पॅरासिटामॉल घेऊन जायचे, आणि पुढच्या वेळी आले की म्हणायचे त्यानेच बरं वाटलं.

मिस्टरांच्या त्या पट्टीचं काय करायचं. कचऱ्यात तशीच टाकू नका, कचरा वेचणाऱ्या पोरांच्या हातात जाते. बहुतेक उरलेल्या औषधांना फ्लश करू नका म्हणतात, पण केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२५ साली मोजक्या १७ औषधांची यादी दिली, जी घरात पडून राहणं जास्त धोक्याचं म्हणून फ्लश करून टाकायची, त्यात ट्रॅमाडोल आहे. फॉइल फाडून गोळ्या काढा, टॉयलेटमध्ये टाका, पाणी सोडा. तुमच्या पट्टीवरचा एक्स्पायरीचा तुकडा तसाही कापलेला आहे म्हणालात.

बाकी दुखणं दिवसागणिक उतरतं राहायला हवं. ते उलटं चढायला लागलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त ठणकलं, लाली मनगटाकडे सरकली, पू किंवा वास आला, ताप आला, बोटं निळसर-थंड पडली, बँडेज काचतंय, किंवा दुसऱ्या कुणी बोट सरळ केलं तर किंचाळावंसं वाटतंय, तर मग कुठलीच गोळी शोधत बसू नका, ना हलकी ना पावरची, सरळ डॉक्टर, रात्र असली तरी. पावरच्या गोळीचा मला सगळ्यात मोठा राग हाच आहे की असल्या वेळी ती दोन दिवस सगळं झाकून ठेवते.

टाके निघाल्यावर तळहाताच्या बुडाशी, दोन्ही उंचवट्यांवर, दाबलं की दुखतं, पोळपाट-लाटणं धरताना, दार ढकलताना. ते कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने राहतं आणि गोळ्यांनी जात नाही, आपोआप जातं. तेव्हा परत घाबरून पत्र लिहू नका, म्हणजे लिहा, पण घाबरून नको.

आणि कात्री. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर उजव्या हातात कात्री नाही, मशीनचं चाकही नाही. टाके निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की आधी दोऱ्याची छोटी कात्री, मग हळूहळू मोठी. नवरात्राच्या ज्या ऑर्डरी घेतल्यात त्यांचं कटिंग बाहेरून करून घ्या, हेमिंग आणि हूक-बटण शेजारच्या वहिनींना द्या, एवढा सल्ला देतायत तर तेवढं करतील. आणि सुरू कराल त्या पहिल्या दिवशी डबल अस्तराचा वेल्वेट ब्लाउज कापायला घेऊ नका, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.